सत्तरीपुढचा फॉर्म

घरच्यानं फॉर्मवर सही केली की सत्तरीपुढचं माणूस सरकार कायमचं उचलून नेतं, असली मालिका बघून शाहूपुरीतल्या गल्लीत पैज लागली.

"खरा फॉर्म आला तर लोक सह्या करतील की," शेजारचा पार्श्वनाथ म्हणाला.

"आपल्या गल्लीत एक जरी सही झाली, तर चौकात मिशी उतरवीन!" म्हणत कृष्णातनं तसलेच खोटे फॉर्म छापून घरोघर टाकले. लोकांनी शिव्या घालून टराटरा फाडले. मिशीला पीळ देत गडी घरी आला, तर त्याची आई पिशवी भरून उंबऱ्यात बसलेली. फॉर्मवर तिचाच अंगठा.

"तुझ्या हातनं सही झाली नसती, लेकरा. गाडी कवा येत्या?"

सकाळी भर चौकात न्हाव्यानं वस्तरा थांबवला. "आई जिती असताना मिशी काढत न्हाईत, मर्दा."

"काढ," कृष्णात म्हणाला. "काल निघालती ती."