आठ उन्हाळ्यांची सावली

संशोधक बाईंनी वाळूत खुपसलेला थर्मामीटर बाहेर काढला आणि वरच्या झावळ्यांच्या मांडवाकडे पाहिलं. "विश्रामकाका, ही सावली कधीपासून घालताय?"

"आठ वर्षं झाली की!" विश्राम कौतुकाची वाट बघत म्हणाला. त्याच्या आदल्या वर्षी कासवाची शंभर अंडी वाळूतच करपली होती. तेव्हापासून, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून अंडी कुंपणात आणून पुरली, की पोटच्या पोरावर धरावी तशी तो त्यांच्यावर सावली धरायचा.

"वाळू फार गार आहे, काका. गार वाळूत अंड्यांतून नर निघतात, तापलेल्या वाळूत माद्या. इथून समुद्रात गेले ते बहुतेक नरच असणार."

विश्रामला काही सुधरेना. मग अंडी घालायला परत येणार कोण? त्याने घाईघाईने एक झावळी ओढून काढली. वाळूवर ऊन पडलं, तशी ती करपलेली अंडी डोळ्यांपुढे आली. त्याने झावळी परत ठेवली. "मग सावली घालू तरी किती?"

"तेच तर शोधतोय आम्ही," बाई म्हणाल्या.

चहा घेऊन आलेली विश्रामची बायको कुंपणापाशी थांबून सगळं ऐकत होती. "तिसरी मुलगी झाली तेव्हा वर्षभर मला विचारत होतात, मुलगा का होत नाही म्हणून," ती म्हणाली. "आता विचारा त्या वाळूला."

विश्रामने झावळी पुन्हा काढली. या खेपेला ती कुठे ठेवावी हेच त्याला कळेना. तो ती स्वतःच्याच डोक्यावर धरून उन्हात उभा राहिला.