उलटा रंधा

बिराप्पानं टेबलाच्या पायावर रंधा चालवला तो नेमका बाहेरच्या अंगावर. हरणाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सुताराच्या घरात तिचा जन्म गेला होता. टेबलाचा पाय खाली निमुळता करायचा तर आतल्या दोन बाजू तासायच्या, बाहेरच्या सरळ ठेवायच्या, एवढं तिलाही कळत होतं.

"आवं, उलटं तासताय," ती हळूच म्हणाली.

"व्हय?" म्हणून बिराप्पा खुशाल तासत राहिला.

तिनं सूप खाली ठेवलं. लढाईनं जाड सागवान सांगलीच्या बाजारातून पार नाहीसं केलं होतं. पातळ फळ्या सरसानं एकीवर एक चिकटवायच्या, दोरीनं करकचून आवळायच्या, तेव्हा कुठे एक पाय निघायचा. काम विष्णुपंत वकिलांच्या टेबलाचं, आणि म्हाताऱ्याची नजर ही अशी! घरात आधीच एक दुखणं काय कमी होतं? ब्रह्मदेशातून आल्यापासून त्यांचा गुंडा पोटाशी पाय घेऊन भिंतीला टेकून बसायचा. बोलायचा नाही. आई जवळ बसली तर उठून जायचा. पलटणीत जायच्या आधी ह्याच पोराच्या हातातला रंधा जेवायच्या वेळीसुद्धा सुटत नसे. लढाईनं पोरगा परत दिला, पण अर्धाच, असं तिला वाटे.

बिराप्पानं दुसरा पाय घेतला. पुन्हा बाहेरचंच अंग. भिंतीपाशी गुंडा चुळबुळला. तिसऱ्याला रंधा लागला मात्र, तो ताडकन उठला.

"आबा, आवं काय चाललंय? आतनं तासायचं! आना हिकडं."

त्यानं रंधा हिसकावलाच. पाय फिरवला, एक डोळा मिटून कड बघितली आणि कामाला लागला. झिलप्या भराभर पडू लागल्या. तोंडाचा पट्टाही सुटला. सरस पातळ झालाय, हत्याराला धार न्हाई, तुमास्नी दिसतंय तरी का? बिराप्पा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. हरणाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

आज पोरासाठी गोडाचं करू, म्हणून ती चुलीला ढलप्या आणायला मागच्या खोपटात गेली. फळ्यांच्या आड काहीतरी गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. तिनं सोडून बघितलं.

विष्णुपंतांच्या टेबलाचे चारही पाय तिथं होते. आतून तासलेले, बाहेरून सरळ, आणि त्यांवरचं पॉलिश कधीच वाळलेलं होतं.