सोडलेली हूम

गवतात पिवळं दिसलं आणि सटवाजीने हलगीवर हाणायला उचललेला हात तसाच वर धरला. त्याच्या डाव्या-उजव्या हाताची रांगही थांबली. समोर, थोड्या अंतरावर, हूम अंड्यावर बसली होती. शहाणीसुरती माणसं तिला माळढोक म्हणतात. ताडकळसच्या माळावर तिला हूमच म्हणायचं. तिच्याभोवती लांबून रिंगण धरून कुणीतरी भंडारा उधळला होता.

हाकाऱ्यांचे बडवायला घेतलेले डबे एकेक करून खाली आले.

"काय झालं रे? थांबलात का?" मागून दिनकरराव देशमुखांनी घोडा पुढे घातला. परभणीचे एक मोठे साहेब संध्याकाळी त्यांच्याकडे दावतीला यायचे होते आणि साहेबांना हूमेच्या मटणाची चटक होती. निजामाच्या राज्यात साहेब खूश तर सगळं खूश. रांगेने हूम उठवायची आणि दिनकररावांनी ती टिपायची, एवढंच सकाळचं काम होतं.

सटवाजीने बोटाने रिंगण दाखवलं.

देवाला सोडलेल्या वळूला या मुलखात कुणी काठी लावत नाही. तो भर बाजारात ज्वारीच्या ढिगात तोंड घालतो आणि ढिगाचा मालक हात जोडून उभा राहतो. पण पाखरू सोडल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"कुणाचा उद्योग हा?"

"माजा." शेजारच्या रानात खुरपायला येणारी बायनाबाई बांधाआडून पुढे आली. खुरपं तिने कमरेला खोचलं होतं आणि दोन्ही हात पिवळे होते. "खंडोबाला सोडली म्या तिला."

दिनकरराव हसले. गेल्या चंपाषष्ठीला त्यांनी स्वतःच एक वळू सोडला होता, त्यामुळे यातले कायदे त्यांना पाठ होते.

"बायने, सोडायचं म्हंजी आपल्या दावणीचं सोडायचं. ही तुझ्या दावणीची हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"तुमच्या दावणीची हाय का, मालक?"

रांगेत कुणीतरी खोकलं.

"माळ माझा हाय," दिनकरराव म्हणाले.

"माळ ऱ्हाऊ द्या की तुमाला. ती कुठं माळ घिऊन उडायलीय?" बायनाबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पावसाळ्यात बांधावर हुबं ऱ्हायलं की चहूकडनं हूम, हूम ऐकू यायचं. समदे खाल्ले तुमी अन् तुमच्या सायबानं. आता त्या टेकडापल्याड एकच नर घुमायलाय, अन् हिकडं ही एकटी. एकच अंडं घालती वो ती! हे बी गेलं तर हूम कशी वरडती ते लेकरायला तोंडानं करून दावावं लागंल. लाज वाटंल तवा."

दिनकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईमाणसाशी आणखी हुज्जत घालण्यात शोभा नाही, असं ठरवून त्यांनी तोंड रांगेकडे वळवलं. अशा वेळी शोभा बरोबर आठवते माणसाला.

"सटवाजी, हाका घाल. उडाली की मी हितूनच टिपतो."

सटवाजी जागचा हलला नाही.

"ऐकायलास ना? उद्या नांगर कुणाच्या रानात धरायचा, ते आत्ताच ठरवून ठेव."

सटवाजीची सगळी बटई, वाट्याने कसायची शेती, दिनकररावांच्या रानात होती. तो घाबरला. चांगलाच घाबरला. त्याने बायनाबाईकडे पाहिलं, की ती काहीतरी बोलेल, निदान हात जोडेल. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिला जे करायचं होतं ते तिने करून टाकलं होतं. आता ती हूमेकडे बघत उभी होती.

हूमेने मान ताठ केली होती. एवढी माणसं समोर, तरी अंडं सोडून ती उठली नव्हती. आणि आपण, सटवाजीच्या मनात आलं, घोड्यावरचा माणूस नुसता खाकरला तरी उठून उभे राहतो. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

"हाकाच घालायचा ना, मालक?"

"मग काय भजन करायचंय?"

सटवाजीने हलगी छातीशी घट्ट धरली.

"फिरा रे," तो म्हणाला.

आधी कुणाला कळलं नाही. मग शेजारचा मुंजाजी फिरला, त्याच्या पलीकडचा फिरला, आणि बघता बघता सगळ्या रांगेची पाठ हूमेकडे आणि तोंडं घोड्याकडे झाली. हलगीवर पहिला दणका बसला. त्यामागून डबे, त्यामागून कधी नव्हे असे मोकळे झालेले गळे.

घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. बंदूक गवतात पडली. पागोटं सावरत दिनकररावांनी काहीतरी आज्ञा केली, पण त्या गदारोळात ती त्यांची त्यांना तरी ऐकू आली असेल का, कोण जाणे. घोडा पांदीच्या वाटेने उधळला.

रांग थांबली नाही. ना कुणी पुढे पळालं, ना कुणी मागे राहिलं. माळाच्या हद्दीपर्यंत ती वाजवत, ओरडत, एका ओळीत सरकत गेली. हाका कसा घालायचा, ते दिनकररावांनीच त्यांना शिकवलं होतं.