बाबांचा आवाज

"हा कोण परका माणूस बोलतोय?" आईने घाबरून विचारलं. श्रीरंगने लॅपटॉप मिटला.

घशाच्या कॅन्सरने वाचा गेल्यावर त्याचे बाबा कित्येक वर्षं एका पेटीतून बोलले. ते टाइप करायचे आणि पेटी खरखरत ते शब्द उच्चारायची. बाबा वारले, पुढे पेटीतली आवाज काढणारी चिपही जळाली. स्मृतिभ्रंश झालेली आई मात्र रोज त्यांच्यासाठी न जेवता थांबायची. ते गेल्याचं कोणी कितीही सांगितलं तरी तिला पटत नव्हतं. म्हणून श्रीरंगने लॅपटॉपवर त्या पेटीची नक्कल उभी केली होती. पण तो आवाज आईने ओळखलाच नाही.

अखेर जुन्या बाजारातल्या एका मोडक्या यंत्रात त्याला तीच चिप सापडली. ती बाबांच्या पेटीत बसवून, तारा नव्याने जोडून त्याने आईसमोर टाइप केलं. पेटी खरखरली.

"सुलू, मी वारलो. वाट पाहू नकोस, जेवून घे."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मला कोणी सांगितलं कसं नाही?" म्हणत तिने हंबरडा फोडला. रडून थकल्यावर श्रीरंगच्या हातून चार घास जेवली.

दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरली होती.

"हे कुठे राहिले रे?" तिने विचारलं.

श्रीरंगने पेटी पुढे ओढली.