एक तास, तीन मिनिटं

धाकटीनं मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि पहिलंच वल्हं असं मारलं की कयाक जागच्या जागी थरथरली. डोकं तापलेलं असताना पाण्यात उतरू नये, असं तिला शिकवलं होतं. शिकवणारे भावोजीच होते, म्हणून तर ती आज मुद्दाम उतरली होती.

समोरून भरती आत येत होती. धक्क्यापासून खाडीच्या तोंडावरच्या खडकापर्यंत साडेचार किलोमीटर जायचं, खडकाला वळसा घालून परत यायचं. वेळ आपली आपण मोजायची आणि क्लबच्या वहीत आपल्याच हातानं लिहायची. पंच नाही, साक्षीदार नाही. लिहिलं ते खरं, हा क्लबचा जुना रिवाज. शहाणी माणसं ओहोटीबरोबर निघतात आणि भरतीबरोबर परततात. भावोजी त्या रविवारी उशिरा उठले, भर भरतीत निघाले आणि तरी वहीत लिहून मोकळे झाले: एक तास, तीन मिनिटं. धाकटीची वेळ होती एक तास, चार मिनिटं, आणि तीही पाणी दोन्ही वेळा सोबतीला असताना. मोठ्या स्पर्धेला क्लबकडून एकच जण जाणार होता. नाव लागलं भावोजींचं.

भावोजींनी लागलेला वेळ ठोकून दिला, पण निघाल्याची वेळ मात्र सवयीनं खरी लिहिली. धाकटीनं भरतीचं वेळापत्रक काढलं, वहीशेजारी ठेवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती बहिणीच्या घरी गेली आणि भरल्या ताटावर भावोजींना लबाड म्हणाली. थोरलीनं तिला हाताला धरून दाराबाहेर काढलं. माफी मागायची असेल तेव्हाच ये, म्हणाली. आईमागं जिनं तिची वेणी घातली, तिनं.

क्लबच्या सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. वेळा नोंदवायची मुदत संपली होती. पण तुम्हा दोघांचा वेग वर्षभर सारखाच आहे, ते म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी भरती पुन्हा त्याच सुमाराला येईल. त्याच वेळी नीघ, तूच मोज, तूच लिही. तीन मिनिटांनी जरी मागं पडलीस, तरी त्याचं नाव खोडून तुझं घालतो.

म्हणजे आज तिला फक्त उशीर करायचा होता. आणि तोही प्रामाणिकपणे. मुद्दाम हात आखडता घेतला, तर तिच्यात आणि भावोजींत फरक तो काय राहिला?

म्हणून ती दात-ओठ खात वल्हवत होती. एक वल्हं भावोजींच्या लबाडीसाठी. एक, "अगं, तुला अजून भरती कळत नाही," असं हसत हसत म्हणाल्याबद्दल. एक थोरलीसाठी, कारण तिनं वही न बघताच नवऱ्याची बाजू घेतली. पाणी तिला सरकू देत नव्हतं आणि तिला त्याचा आनंद होत होता. मग एक मोठी बोट गेली. तिच्या लाटा चुकवायला धाकटी काठच्या खडकांना खेटली, आणि कयाक एकदम हलकी झाली. तिथं भरतीला ओढच नव्हती. खालून शिंपले तळाला घासत होते, एक वल्हं चुकलं असतं तर तळ फाटला असता. इतक्या कडेनं कुणी जात नाही. ती गेली.

खडकाला वळसा घातला तेव्हा छत्तीस मिनिटं झाली होती. परतताना तिनं मधलं पाणी धरलं आणि भरतीनं तिला ढकलत आणलं. धक्का जवळ आला. तिनं घड्याळ बघितलं. एकोणसाठ मिनिटं.

म्हणजे जमत होतं. भावोजींनाही कडेची वाट सापडली असणार. आणि आपण भरल्या घरात त्यांना काय काय बोललो! धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. वल्हं मांडीवर घेऊन सात-आठ मिनिटं नुसतं बसलं, तरी भावोजी जन्मभर लबाड ठरले असते आणि जागा तिची झाली असती. तिनं भावोजींना शिवी दिली, स्वतःला त्याहून मोठी दिली आणि होतं नव्हतं ते बळ वल्ह्यात घातलं.

एक तास, दोन मिनिटं, चाळीस सेकंद. तिनं ते वहीत लिहिलं आणि ओल्या कपड्यांनीच बहिणीचं घर गाठलं.

थोरलीनं दार उघडलं, पण ती वाटेतून हलली नाही. आत भावोजी शर्टाला इस्त्री करत होते. धाकटी उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"भावोजी, माझं चुकलं. त्याच भरतीत आज मी एक तास दोन मिनिटांत आले. जमतं ते. मी तुम्हाला उगाच लबाड म्हटलं. जागा तुमचीच."

थोरलीचे डोळे भरून आले. तिनं धाकटीला दंडाला धरून आत घेतलं. भावोजींनी इस्त्री उभी करून ठेवली. असू दे, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. पण आपण शिकवलेली पोर आपल्यापेक्षा कमी वेळ सांगतेय, हे त्यांना झोंबलं.

"थापा मारू नकोस," ते म्हणाले. "त्या भरतीत खडकापर्यंत पोचताच येत नाही. मी जीव तोडून मारलं, तरी अर्ध्यातून मागं फिरावं लागलं."