दिगंबररावांचा अंदाज

“विकला एकदाचा!” म्हणत दिगंबर पाठकांनी मोबाइल मन्सूरभाईंच्या कापड बेतायच्या टेबलावर आपटला आणि सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत ‘गरुडाक्ष ड्रोन्स’चा भाव चार रुपयांनी वर गेला.

चहा येईपर्यंत अकरा रुपयांनी. दुपारी तर शेअरला वरचं सर्किट लागलं, म्हणजे त्या दिवशी आणखी वर जायची त्याला परवानगीच उरली नाही. असती तर तो दिगंबररावांना वाकुल्या दाखवत आणखी वर गेला असता.

हे पाचव्यांदा होत होतं. आणि तेही याच एका शेअरच्या बाबतीत.

दिगंबरराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. कुठला गोळा फुटेल आणि कुठला फुसका निघेल, हे त्यांनी बत्तीस वर्षं सांगितलं होतं आणि सहसा चुकले नव्हते. त्यापुढे एक शेअर म्हणजे काय मोठंसं? त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून सहा लाख काढले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई एवढंच म्हणाल्या, “पेटवलात की जरा लांब उभे राहा.”

गरुडाक्षला मात्र तपासणीचे नियम ठाऊक नव्हते. दिगंबररावांनी घेतला की कंपनीला मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी खोटी निघायची. वैतागून विकला की तीच बातमी दोन दिवसांनी खरी ठरायची. दोन वर्षांत सहा लाखांचे दोन लाख दहा हजार झाले.

या सगळ्यात दिलासा एकच होता, तो म्हणजे मन्सूरभाई. खडकी बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सव्वानऊला शेअर बाजार सुरू व्हायचा तेव्हा दिगंबरराव तिथल्या स्टुलावर हजर असायचे. घरी त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. मुलगा वरद हिंजवडीहून फोन करून “बाबा, प्लीज, म्युच्युअल फंड” एवढंच म्हणायचा. मन्सूरभाई मात्र मशीन थांबवून ऐकायचे. “घेतलात? किती घेतलात? अजून घेणार का?” असं खोदून खोदून विचारायचे. चहाचे पैसे तर त्यांनी कधी देऊच दिले नाहीत.

पाचव्या दणक्यानंतर दिगंबररावांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी दुकानात आले ते उभ्या उभ्याच बोलले.

“मन्सूरभाई, मी शेअरचं खातं बंद करून टाकलं. उरले ते पैसे एफडीत टाकतोय. आणि भावासारखं सांगतो, तुम्ही त्या गरुडाक्षच्या वाटेला कधी जाऊ नका.”

मन्सूरभाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“असं एकदम बंद नका करू, साहेब.”

“का?”

मन्सूरभाईंनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली. “नाजिमाच्या नर्सिंगची दुसऱ्या वर्षाची फी भरायचीय.”

“तुमच्या मुलीच्या फीचा माझ्याशी काय संबंध?”

“पहिल्या वर्षाची तुमच्यावरच भरली.”

मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. पहिल्या वेळी त्यांनी दिगंबररावांचं ऐकून थोडे शेअर घेतले होते. दिगंबररावांनी विकले त्या दिवशी मोबाइल नाजिमाकडे होता, म्हणून यांचे विकायचे राहिले आणि चांगले वाढले. पुढे दिगंबररावांनी पुन्हा घेतले तेव्हा यांनी विकले. झालं. तेव्हापासून दिगंबररावांनी विकले की मन्सूरभाई घ्यायचे आणि त्यांनी घेतले की हे विकून मोकळे व्हायचे.

“दोन वर्षांत एकदासुद्धा चुकला नाहीत, साहेब,” मन्सूरभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचा आदर होता.

दिगंबरराव बाहेर पडले. स्टेशनपर्यंत गेले, कारण नसताना फलाटावर बसले, एक लोकल जाऊ दिली आणि मनातल्या मनात मन्सूरभाईंना ठेवणीतल्या शिव्या घातल्या. शिव्या संपल्यावर लक्षात आलं की पैसे गेल्याचं फारसं लागलंच नव्हतं. कुणीतरी आपल्याला मानतंय, या समजुतीत दोन वर्षं किती मजेत गेली होती, ते लागलं होतं.

घरी येऊन त्यांनी आनंदीबाईंना सांगितलं. आनंदीबाई इतक्या हसल्या की त्यांना पोळ्यांचा गॅस बंद करावा लागला.

“तुमच्या शब्दावर कुणीतरी पैसे तरी लावले,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “मी तर भाजीसुद्धा आणत नाही.”

तीन दिवस दिगंबरराव घरात बसून राहिले. सव्वानऊ वाजले की हात शिवशिवायचे. पेपर दोनदा वाचून व्हायचा. खाली उतरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून भांडणही झालं, पण त्यातही राम नव्हता.

चौथ्या दिवशी ते दुकानात शिरले. मन्सूरभाई गडबडीने उठले आणि माफीचं काहीतरी पुटपुटू लागले. दिगंबररावांनी हातानेच त्यांना गप्प केलं आणि स्टूल ओढून बसले.

“किती झाला?”

मन्सूरभाईंनी बिचकत मोबाइल पुढे केला. सलग चौथ्या दिवशी गरुडाक्ष वर निघाला होता. दिगंबररावांनी त्या हिरव्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. हात सवयीने मोबाइलकडे गेला. आता खातं नव्हतं आणि खिशात चहापुरते पैसे होते. कारखाना सोडल्यापासून इतकं निर्धास्त त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“मन्सूरभाई,” ते म्हणाले, “हा शेअर आज मला इतका घ्यावासा वाटतोय, की अगदी राहवत नाहीये.”

मन्सूरभाईंनी होते नव्हते तेवढे सगळे विकून टाकले.