उकाड्यातून बाहेर

आई कमरेपर्यंत बॉनेटखाली गेली होती. अंगात बाबांचा जुना शर्ट, गळ्यात मोजपट्टी, आणि ओठांत टाचण्या धरायची तसे दोन स्क्रू धरलेले.

"चिऊ, तो पत्रा दे इकडे. धारेला हात लावू नकोस."

चाळिशी उलटली तरी लेक आईला चिऊच होती. रेल्वेने आलेली चिऊ हातातली बॅग तशीच धरून बघत राहिली. ती आईला न्यायला आली होती, कायमची. बाबा गेल्यापासून तिला आईचा घोर लागला होता. आपल्या घरी तिने बाल्कनीजवळची खोली सजवून ठेवली होती. शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकायचं, गाडी भंगारात घालायची आणि निघायचं, असं फोनवर ठरलं होतं. म्हणजे चिऊने ठरवलं होतं. आई नुसतं "हं" म्हणाली होती.

"आई, हे काय मांडलंयस? ही गाडी जायची आहे ना?"

आईने स्क्रू हातात घेतले. "इंजिनाला हवा लागते. ही बिचारी ती कुठून घ्यायची, ठाऊक आहे? इंजिनाच्या पाठीमागून. आपणच तापायचं आणि आपलाच उकाडा परत ओढायचा. गरम हवा विरळ असते गं. घाटात दम लागेल नाहीतर काय?"

घाटाचं मात्र खरं होतं. चिऊच्या लहानपणी दर सुट्टीत ते घाटाला जायचे. पाण्याच्या टाकीपाशी गाडी धापा टाकायला लागायची. "हिचा दम इतकाच," असं म्हणत बाबा गाडी वळवायचे. बाबा देवमाणूस होते. पण त्यांना वळायची सवय लागली होती. टाकीच्या पुढचं वळण घरातल्या कुणी पाहिलंच नव्हतं.

आईचा जन्म कपडे शिवण्यात गेला होता. गेल्या काही दिवसांत तिने इंजिनाच्या बाजूने खाकी कागद धरून आधी नमुना बेतला होता. बाहीला कोपर काढावा तसा पाइपला बाक दिला. पहिला पाइप प्लास्टिकचा होता. तो उन्हातल्या मेणबत्तीसारखा मान टाकून बसला. मग तिने ॲल्युमिनियमचा आणला, सांध्यांना रबर चढवलं, पट्ट्या आवळल्या. पाइपचं तोंड पुढच्या जाळीमागे आलं, जिथे बाहेरचा वारा थेट लागतो. त्या तोंडावर नवा फिल्टर. फार खाली नाही, नाहीतर डबक्यातलं पाणी ओढलं जाईल. आता इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा तेवढा बसायचा होता. चिऊने पत्रा दिला. तो अंगावर बेतलेल्या ब्लाउजसारखा चपखल बसला.

"आता तळहात धर इथे. फिल्टरच्या समोर."

आई जाऊन स्टिअरिंगमागे बसली. इंजिन सुरू झालं. तिने पाय दाबला, तशी चिऊच्या तळहाताला गार ओढ लागली. आत कुणीतरी छाती भरून श्वास घेत होतं. चिऊला हात मागे घ्यावासाच वाटेना.

"अगं, ओढतंय!" ती लहान मुलीसारखी ओरडली. मग तिच्या ध्यानात आलं. "आई, तुला गाडी कुठे येते?"

"येते की. तू पडदे निवडत होतीस ना, तेव्हा शिकले." आईने पलीकडचं दार उघडलं. "बस. हिनेच जाऊ. घाट चढली तर चढली. नाही चढली तर घाल भंगारात, मी हूं की चूं करणार नाही."

चिऊ बसली. हाकेच्या अंतरावरच बंद पडेल ही, असं तिला वाटलं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

चढ लागला. चिऊने सवयीने दाराची मूठ धरली. पाण्याची टाकी दिसली आणि तिने धाप ऐकायला कान टवकारले. धाप आलीच नाही. भरल्या छातीतून निघावा तसा एक खोल, एकसुरी आवाज येत होता. आईने गिअर बदलला. टाकी मागे पडली.

पुढचं वळण आलं. त्याच्यामागे आणखी एक. डोंगराच्या कुशीतून धुकं वर चढत होतं, आणि गाडी त्याच्याही वर निघाली होती. मग एकाएकी चढ संपला. समोर जमीनच नव्हती. नुसतं आभाळ होतं, आणि त्याच्याखाली दुसराच एक प्रदेश पसरला होता: निळ्या टेकड्या, उन्हात लखलखणारी नदी, आणि तिच्याही पलीकडे पुसट, रुंद, न संपणारं काहीतरी. आयुष्यभर हे इथेच होतं. घरापासून इतकं जवळ. चिऊचे डोळे भरून आले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आईने बस थांब्यापाशी गाडी उभी केली. इथे रस्ता फुटत होता. चिऊच्या शहराकडे जाणारा उजवीकडे वळत होता. दुसरा समोर उतरत, त्या अनोळखी मुलखात दिसेनासा होत होता.

"तुझी बस इथून मिळेल," आई म्हणाली. इंजिन तिने बंद केलं नाही.

"आणि तू? आई, खोली तयार आहे गं."

आईने लेकीच्या गालावरून हात फिरवला. मग समोरच्या रस्त्याकडे बघत ती हसली.

"येईन की गं. पण पाहुणी म्हणून."